म्हणे चुंबकातली गाठ कधीच सुटत नाही!

भाच्याने काल रात्री एक फॉरवर्ड पाठवला, खाली स्वतःची टीप, "मामा, एसएसडी घेऊ नकोस, थांब जरा." मजकूर काय, तर स्किर्मिऑन म्हणजे पातळ चुंबकीय फिल्ममधली गाठ, नव्या मेमरीत एकेक गाठ म्हणजे डेटाचा एकेक बिट, ती कधीच सुटत नाही, करंट दिला की सरळ रेषेत पळते, करंटही नगण्य लागतो, म्हणून डेटा अमर.

आधी ते अमरत्व बघू, सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. स्किर्मिऑनच्या मधोमध स्पिन, म्हणजे अणूंचे चिमुकले चुंबक, खाली, कडेला वर, आणि मधले हळूहळू वळत गेलेले. माध्यम सलग धरलं तर ही गाठ न फाडता सोडवता येत नाही, हे कागदावर खरंय. पण फिल्म सलग नसते हो, अणूंची असते. गाठ आकसत आकसत मोजक्या अणूंएवढी झाली की मधले स्पिन टुणकन उलटतात, संपला खेळ. अडथळा आहे, पण मर्यादित ऊर्जेचा, नुसत्या उष्णतेनेही ओलांडला जाऊ शकतो. आणि हे माझ्या मनाचं नाही, 2013 मध्ये हॅम्बुर्गच्या गटाने इरिडियमवरच्या पॅलेडियम-लोखंडाच्या थरात, 4.2 केल्विनला (उणे 269 अंश सेल्सियस), एसटीएमच्या, म्हणजे एकेक अणू दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या, टोकातून करंट सोडून एकेक स्किर्मिऑन लिहिला आणि पुसलाही, 'सायन्स' या नियतकालिकात छापून आलंय. जे करंटने पुसलं जातं ते करंटने ढकलताना अमर कसं राहील? आणि पुसताच आली नाही तर त्या मेमरीचा डोंबलाचा उपयोग!

सरळ रेषेत वगैरे साफ चूक. फिरकी दिलेला चेंडू हवेत वळतो तसा हा आडवा सरकतो, स्किर्मिऑन हॉल इफेक्ट म्हणतात, 2017 मध्ये दोन गटांनी प्रत्यक्ष दाखवलाय. कड त्याला थोडं मागे ढकलते, पण करंट जास्त झाला की तो कडेवरच विरतो, बिट गेला.

कमी करंटचं अर्धं खरं, नाइलाजाने मान्य. 2010 मध्ये मँगनीज सिलिसाइडमध्ये चौरस मीटरला साधारण 10 लाख अँपिअरवर स्किर्मिऑनची अख्खी जाळी फिरली, डोमेन वॉल, म्हणजे चुंबकातल्या उलटसुलट दिशांच्या भागांमधली सीमा, ढकलायला लागतो त्याच्या सुमारे लाखपट कमी. पण तो चांगला जाडजूड क्रिस्टल होता, फिल्म नाही, आणि तापमान 30 केल्विनच्या खाली. खोलीच्या तापमानाला फिल्ममध्ये सेकंदाला 100 मीटर वेग हवा तर ती लाखपट परत मोजावी लागते, वर उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे ढकलणाराच गाठ मोडायला बसलेला.

भाच्याला एवढंच टाइप केलं, "एसएसडी ऑर्डर केली." निळ्या टिक आल्यात, उत्तर नाही.