बर्फाला १०० शब्द? जरा थांबा

‘एस्किमोंच्या भाषेत बर्फाला १०० शब्द आहेत’ हा फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. कुठे ५०, कुठे ४००. आकडा पाठवणाऱ्याच्या उत्साहावर! मुळात ‘एस्किमो’ नावाची एक भाषाच नाही. इनुइट आणि युपिक शाखांच्या अनेक भाषा आहेत, आणि कॅनडात तर हे नावच अपमानास्पद मानतात.

१९११ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी चारच शब्द दिले होते: जमिनीवरचा बर्फ ‘अपुत’, पडणारा ‘काना’, वाऱ्याने उडत जाणारा ‘पिक्सिरपोक’ आणि साचलेला ढीग ‘किमुक्सुक’. १९४० मध्ये भाषाशास्त्रज्ञ बेंजामिन व्हॉर्फ यांनी यादी वाढवली. १९८४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या अग्रलेखात ती १०० वर गेली. ही सगळी साखळी मानववंशशास्त्रज्ञ लॉरा मार्टिन यांनी १९८६ मध्ये उलगडून दाखवली.

खरी गंमत व्याकरणात आहे. या भाषा मूळ शब्दाला प्रत्ययामागून प्रत्यय जोडत अख्खं वाक्य एका शब्दात बसवतात. आपल्या ‘घरासमोरच्यांनाही’चा थोरला भाऊच म्हणा ना. मग शब्द मोजायचे कसे? त्या हिशेबाने माशाचेही हजारो निघतील.

पण म्हणून ‘सगळं थोतांड’ असंही म्हणू नका. समुद्रावर गोठलेल्या बर्फावरून शिकारीला जाणाऱ्या माणसाला तो कुठे पेलेल आणि कुठे फुटेल, हे सांगणारे शब्द लागतातच, आणि ते आहेतही.