‘फुकटचं सॉफ्टवेअर टाकू नका’ म्हणणाऱ्या मेसेजचं काय करायचं?

तालुक्यातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. शिक्षकांच्या ग्रुपवर आहे, ऑनलाइन सेंटरवाल्यांच्या आहे, बचत गटांच्याही आहे. म्हणणं थोडक्यात असं: ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरू नका, त्याचा कोड जगाला दिसतो म्हणून हॅकर सहज शिरतो, ते हौशी पोरांनी बनवलेलं, त्याला धनी नाही, त्यात मराठी धड चालत नाही, आणि सरकारी कामात ते मान्य नाही. शेवटी हात जोडलेले आणि ‘जनहितार्थ’. यवतमाळकडच्या एका शाळेने हे वाचून लॅबमधलं लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, काढूनही टाकलं. त्या जागी काय आलं ते पुढे सांगतो.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी: ज्याचा मूळ कोड कोणीही वाचावा, बदलावा, पुढे वाटावा अशी परवान्यातच मुभा असते, ते ओपन सोर्स. लग्नाचा व्हिडिओ ज्यात लावता ते व्हीएलसी, फायरफॉक्स ब्राउझर, वर्ड-एक्सेलचं काम करणारं लिबरऑफिस, ही त्यातली ओळखीची नावं. आणि ज्या अँड्रॉइड फोनवर तुम्ही शेतात उभं राहून ई-पीक पाहणी करता, त्याचा गाभा म्हणजे लिनक्स.

आता पहिला मुद्दा, कोड दिसतो म्हणून चोर शिरतो. कोड दिसतो हे खरं आहे, पण तो राखणदारालाही दिसतो. जिनिंगवाल्याने काटा ताडपत्रीखाली झाकला आणि ‘भरोसा ठेवा’ म्हणाला, तर आपण कापसाची गाडी खाली करू का? मार्च २०२४ मधली गोष्ट घ्या. एक्सझेड नावाचं फाइल दाबून लहान करायचं साधन बहुतेक लिनक्समध्ये असतं. टोपणनावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोनेक वर्षं त्यात मदत करत भरोसा कमावला आणि मग हळूच चोरवाट घुसवली. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढंच खटकलं. तो खोदत गेला, आणि चोरवाट चाचणीच्या आवृत्त्यांपलीकडे फारशी पसरायच्या आत उघडी पडली. गंमत म्हणजे हा गडी नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये.

याचा अर्थ उघडा कोड आपोआप सुरक्षित, असाही नाही. २०१४ साली सापडलेली हार्टब्लीड ही चूक ओपनएसएसएलमध्ये, म्हणजे वेबसाइटशी होणारी देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपन सोर्स साधनात, दोन वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडून होती. बघायची सोय असली तरी कोणीतरी बघावं लागतं.

पण मेसेज लिहिणाऱ्याला जो धोका दिसलाच नाही तो आपल्या टेबलावरच आहे. त्या शाळेत लिनक्सच्या जागी ‘ओरिजिनल’ विंडोज आणि ऑफिस आलं, पेनड्राइव्हमधून. टाकणारा पोट्टा आधी अँटीव्हायरस बंद करतो, कारण तो ॲक्टिव्हेटरला, म्हणजे लायसन्स न घेता विंडोज चालू करून देणाऱ्या फाइलला, चालू देत नाही. मग ‘ॲडमिन म्हणून चालवा’वर क्लिक, काळी खिडकी, भराभर सरकणाऱ्या ओळी, झालं काम. तेवढ्या वेळात त्या अनोळखी फाइलच्या हाती कॉम्प्युटरच्या सगळ्या चाव्या गेल्या. आत काय केलं, ते ना पोट्ट्याला माहीत ना गुरुजींना. ॲक्टिव्हेशन उडू नये म्हणून कित्येकदा अपडेटही बंद करून ठेवतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभरातले विंडोज कॉम्प्युटर कुलूपबंद केले, तेव्हा त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. ज्यांनी अपडेट केलं नव्हतं ते सापडले. आपल्या सेंटरांत अशाच मशीनवर लोकांचे आधार कार्ड आणि पासबुकं स्कॅन होतात. भ्यायचंच असेल तर याला भ्या ना बापा.

हौशी पोरांचं काम, धनी नाही, हा मुद्दा लवकर निपटतो. लिनक्स १९९१ मध्ये लिनस टॉरवल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने सुरू केलं खरं, पण आज त्यावर इंटेल, गूगल, रेड हॅट अशा कंपन्यांचे पगारी इंजिनिअर राबतात. जगातले सर्वांत वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. आणि धनी असला तरी भरपाई मिळतेच असं कुठे आहे? विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचा करार एकदा वाचून बघा.

मराठीचा मुद्दा मात्र नीट बघू, कारण तक्रार खोटी नाही, तिचं कारण चुकीचं लावलंय. ‘भाऊ, याच्यात मराठी उमटतच नाही जी’ असं म्हणून लोक जी फाइल आणतात, ती बहुतेकदा कृतीदेव या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. कृतीदेवमध्ये पडद्यावर ‘मराठी’ दिसतं, पण फाइलमध्ये साठतात ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं. तो फॉन्ट नसलेल्या कोणत्याही कॉम्प्युटरवर ग्रामसभेच्या ठरावाचा असाच कचरा होतो, अगदी महागातल्या वर्डमध्येसुद्धा. एकदा कन्व्हर्टरने ती फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, आणली की लिबरऑफिसमध्येही ती सरळ वाचता येते. मराठी अक्षरांसाठी मुक्ता, लोहित असे चांगले फॉन्टही ओपन सोर्सच आहेत. स्कॅन केलेल्या छापील मराठी पानावरून मजकूर उचलणारं टेसरॅक्टही त्याच गोतावळ्यातलं.

सरकारला चालत नाही म्हणणाऱ्याने केंद्राचं २०१५ चं धोरण बघावं; सरकारी प्रणालींसाठी ओपन सोर्सला प्राधान्य द्या, असं त्यात आहे. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेने बॉस नावाचं स्वतःचं लिनक्स काढलंय, केरळच्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकवतात. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड शिक्षणाच्या ज्या सरकारी प्रणालीवर, दीक्षावर, उघडतो, तिचा पाया सनबर्डही ओपन सोर्स.

काही कामं लिनक्सवर अडतात, हेही सांगितलं पाहिजे. हिशेबाचं टॅली विंडोजसाठी आहे. डिजिटल सहीच्या काही डोंगलना लिनक्सवर ड्रायव्हर मिळत नाही. मॅक्रो (आपोआप काम करणाऱ्या सूचना) असलेली एक्सेलची शीट लिबरऑफिसमध्ये कधी रुसते, वर्डच्या फाइलमधला तक्ता सरकतो. म्हणून पुढे पाठवताना पीडीएफ करून पाठवा. अशा कामांपुरतं एक मशीन विंडोजचं ठेवा, लायसन्सचे पैसे भरून. बाकीच्या जुन्या डब्यांवर विंडोज ११ चढत नाही आणि १० चा सर्वसाधारण सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. त्यांवर लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाका. लिबरऑफिस शिकायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीत आहेत, एकदा डाउनलोड केले की लॅबमध्ये नेट नसतानाही चालतात.