इथे सही करा, स्वतंत्र व्हा

तुम्हाला स्वातंत्र्य हवं आहे ना? मग ते तुम्हाला मिळालेलंच आहे, हे आधी मान्य करून टाका. निम्मं काम तिथेच होतं. उरलेल्या निम्म्यासाठी या चार गोष्टी सांगतो. मी मुक्त बाजाराचा जुना भक्त आहे. इतका जुना, की ऐन तारुण्यात मूळ पोथ्या उघडून वाचण्याची चूकही माझ्या हातून झाली. ती तुम्ही करू नका.

अर्थशास्त्राचा जनक म्हणवल्या जाणाऱ्या ॲडम स्मिथचंच बघा. त्याचा 'अदृश्य हात', म्हणजे प्रत्येकाने आपापला स्वार्थ पाहिला की नकळत सगळ्यांचंच भलं होतं ही कल्पना, सगळ्यांना पाठ असतो. १७७६ सालच्या त्याच्या 'वेल्थ ऑफ नेशन्स' या जाडजूड ग्रंथात हा हात नेमका एकदा येऊन जातो. बाकीच्या पानांवर हा गृहस्थ भलतंच बोलत बसतो. एकाच धंद्यातली माणसं एकत्र जमली, मग ती करमणुकीसाठी का असेना, की गोष्ट हळूच भाव चढवण्याच्या कटावर येते, म्हणे. मजुरी वाढू नये म्हणून मालकांची आपापसात कायमची मूक एकी असते, हेही त्यानेच लिहून ठेवलंय. मुक्त बाजाराचे दुसरे गुरू, अर्थतज्ज्ञ हाएक, यांचीही तीच तऱ्हा. १९४४ साली सरकारी नियोजनातून येणाऱ्या गुलामीबद्दल जगाला सावध करता करता, प्रत्येकाला अन्न-वस्त्र-निवाऱ्याची किमान हमी द्यायला हरकत नाही, असं त्याच पुस्तकात म्हणून गेला. आणि तिसरे गुरू, अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ मध्ये साफ लिहिलं, की भांडवलशाही ही राजकीय स्वातंत्र्यासाठी आवश्यक अट आहे, पण पुरेशी नाही. तर 'पण'च्या अलीकडे थांबायला शिका. गुरूंच्या तसबिरी लावा, हार घाला; पोथी कापडात गुंडाळलेलीच बरी.

आता व्याख्या. स्वातंत्र्य म्हणजे तुमच्या मानगुटीवर सरकारचा हात नसणं. हात दुसऱ्या कुणाचा असला तर त्याला करार म्हणतात.

करारावरून आठवलं. पहिल्या नोकरीच्या वेळी माझ्यापुढे बावीस पानं ठेवली गेली. मनुष्यबळ विभागातल्या बाईंनी पेन्सिलीने बारीक फुल्या मारूनच ठेवल्या होत्या: सही इथे, इथे आणि मागच्या पानावर इथे. मी नवखा, वाचायला लागलो. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. चौदाव्या पानावर लिहिलं होतं, की नोकरीच्या काळात मला जे काही सुचेल, कामाच्या वेळात वा वेळेबाहेर, त्या सगळ्याची मालकी कंपनीची. ‘वेळेबाहेर म्हणजे झोपेतसुद्धा?’ मी विचारलं. बाई हसल्या. वाईट नव्हत्या हो त्या; पाणी हवंय का, असंही विचारलं. ‘हे कलम काढता येईल?’ ‘सगळेच करतात सही,’ त्या म्हणाल्या. मीही केली. कुणी माझा हात धरला नव्हता, हे शपथेवर सांगतो. एका बाजूला मी आणि थकलेलं घरभाडं, दुसऱ्या बाजूला कंपनी आणि तिची वकिलांची फौज. कायद्याच्या भाषेत, दोन समान आणि स्वतंत्र पक्ष.

या समानतेचा मान कसा राखावा, ते १९०५ सालच्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाकडून शिकावं. बेकरी कामगारांना दिवसाला १० आणि आठवड्याला ६० तासांपेक्षा जास्त राबवू नये, असा कायदा न्यूयॉर्क राज्याने केला होता. न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार मतांनी उडवून लावला. का, तर त्याने कराराच्या स्वातंत्र्यावर घाला येतो! भट्टीसमोर, पिठाच्या धुळीत अकरावा तास उभं राहण्याचा माणसाचा हक्क हिरावून घेणारं सरकार कोण लागून गेलं? हा खटला लढवला होता एका बेकरीच्या मालकाने. कामगाराच्या स्वातंत्र्याची एवढी कळकळ खुद्द कामगारालाही नसते.

इंग्लंडातली मंडळी या बाबतीत आणखी पक्की. तिथे १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी मजुरांना मजुरीसाठी एकजूट करण्याचीच बंदी होती. ती उठली १८२४ मध्ये. आणि १८७५ पर्यंत करार मालकाने मोडला तर दिवाणी दावा, नोकराने मोडला तर तुरुंग. बाजारात सरकारने लुडबुड करू नये हे खरं, पण बेड्या ठोकायला कुणीतरी लागतंच ना. बारीकसारीक अपवाद मनावर घेऊ नयेत.

समोरचा फारच कुरकुरू लागला तर हुकमाचं पान टाका: ‘पटत नसेल तर दुसरीकडे जा!’ हे वाक्य म्हणताना आवाज थोडा चढा ठेवावा, म्हणजे समोरच्याला 'दुसरीकडे' म्हणजे कुठे, हे विचारायला सुचत नाही. २०१४ साली अमेरिकेतल्या एका सँडविच-साखळीचे करार बाहेर आले. नोकरी सोडलीत तर पुढची दोन वर्षं जवळपासच्या दुसऱ्या सँडविचवाल्याकडे काम करायचं नाही, असं त्यात होतं. पावाच्या दोन तुकड्यांमध्ये नेमकं काय ठेवतात, ही व्यापारी गुपितं फुटली असती तर केवढा अनर्थ झाला असता! आणि गंमत बघा, कामगाराने दुसरीकडे जाऊ नये असं लिहून घेणारे आणि त्याला ‘दुसरीकडे जा’ म्हणणारे आपण, एकाच मांडवातले.

ग्राहक म्हणून तर तुम्ही राजेच. पडद्यावर चौकट उघडते. 'मान्य आहे' हे बटण निळं, ठसठशीत, अंगठ्याच्या बरोबर खाली. नकार द्यायचा असेल तर फिकट राखाडी अक्षरात 'अधिक पर्याय'. त्यात शिरलात की अठरा खटके, सगळे आधीच चालू, एकेक करून बंद करायचे. पण मार्ग आहे की नाही? आहे! २००८ साली दोन अमेरिकी संशोधकांनी हिशेब मांडला होता, की माणसाने वर्षभरात भेट दिलेल्या संकेतस्थळांची गोपनीयता धोरणं शब्दन् शब्द वाचायची तर सुमारे २४४ तास लागतील. म्हणजे फक्त महिना-दीड महिन्याच्या नोकरीएवढा वेळ. पुढे १ एप्रिल २०१० रोजी एका ब्रिटिश व्हिडिओ गेम विक्रेत्याने आपल्या अटींमध्ये गमतीने एक कलम घुसडलं, की ग्राहक आपला अमर आत्मा कंपनीच्या हवाली करत आहे. हजारोंनी आत्मे दिले. कुणावरही जबरदस्ती नव्हती.

विकत घेतलेली वस्तू तरी आपली, असं म्हणाल. म्हणा. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने लोकांनी पैसे मोजून घेतलेली काही ई-पुस्तकं त्यांच्या वाचनयंत्रांतून दुरूनच पुसून टाकली. प्रकाशनाच्या हक्कांचा घोळ होता, पैसे परत केले, नंतर माफीही मागितली. पुस्तकांमध्ये होती जॉर्ज ऑर्वेलची '१९८४', नकोसा मजकूर पुसून टाकणाऱ्या राजवटीची कादंबरी. यावर मी उपरोधाने काही म्हणावं, एवढीही जागा त्यांनी शिल्लक ठेवली नाही.

विरोधक समाजवादी निघाला तर मात्र छाती पुढे काढा. तिथे आपलं नाणं खणखणीत आहे. सोव्हिएत रशियातल्या सामुदायिक शेतीवरच्या शेतकऱ्यांना अगदी १९७४ पर्यंत सरसकट अंतर्गत पासपोर्टच नव्हता. गाव सोडायचं तर परवानगी. ज्या देशात सरकार हाच एकमेव मालक, तिथे विरोध करणं म्हणजे हळूहळू उपाशी मरणं, हे १९३६ मध्ये लिहिलं कुणी? रशियन क्रांतीचाच एक पुढारी असलेल्या ट्रॉट्स्कीने. आणि ते आवर्जून उतरवून घेतलं कुणी? हाएकने. दोन टोकांचे दोघे, पण इथे एकमत: भाकरी एकाच हातात असली की तोंड आपोआप बंद राहतं. अगदी खरं आहे हे, मीही मान डोलावतो. तुम्हीही डोलवा आणि तिथेच थांबा. त्या एकाच दारावर सरकारच्या जागी कंपनीची पाटी असली तर, असा प्रश्न कुणी काढला तर घड्याळाकडे बघा. नाहीतर तो रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन कंपनीने शिकागोजवळ वसवलेल्या पुलमन गावाची गोष्ट सांगत बसेल. घरं कंपनीची, दुकानांचे गाळे कंपनीचे, चर्चचंसुद्धा भाडं. १८९३ ची मंदी आली तेव्हा कंपनीने पगार कापले, घरभाडी तेवढीच ठेवली. १८९४ मध्ये कामगारांनी संप केला आणि तो मोडायला राष्ट्राध्यक्षांनी फौज पाठवली. अदृश्य हाताला अधूनमधून दिसावं लागतं.

चिलीचा विषय टाळा. १९७३ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली, संसद गेली, माणसं नाहीशी झाली, आणि भाव मोकळे सुटले. कुणी खोदून विचारलंच तर म्हणा, भाव मोकळे होते ना?

तोट्याचं तत्त्वज्ञान मात्र नीट समजून घ्या, इथे नवखे हमखास घसरतात. गरिबाला सरकारने मदत केली तर त्याची उमेद मरते. बँकेला केली तर व्यवस्था वाचते. २००८ मध्ये अमेरिकेने वित्तसंस्थांसाठी ७०० अब्ज डॉलरपर्यंतची तरतूद मंजूर केली. आयजीच्या जिवावर बायजी उदार ती हीच, फक्त बायजी सुटाबुटात होती. बुडण्याचं स्वातंत्र्यही शेवटी पेलणाऱ्यालाच द्यावं लागतं, आणि ते लहान माणसाला फार चांगलं पेलतं.

एक गोष्ट मला खरोखर आवडते, ती सांगतो. १९४७ मध्ये हॉलिवूडच्या स्टुडिओमालकांनी ठरवलं, की कम्युनिस्टांना काम द्यायचं नाही. असा कोणताही कायदा नव्हता. कुणाला ठेवायचं, कुणाला नाही, हे मालकाचं स्वातंत्र्य. राजकारण्यांनी डोळे वटारले होते, पण यादी चालवली ती मालकांनीच. डाल्टन ट्रम्बो हा पटकथाकार त्यात सापडला, संसदेच्या अवमानापायी तुरुंगातही जाऊन आला, आणि मग दुसऱ्यांच्या नावाने लिहू लागला, अर्थात कमी पैशांत. १९५७ च्या ऑस्कर सोहळ्यात कथालेखनाचा पुरस्कार रॉबर्ट रिच नावाच्या कुणाला तरी जाहीर झाला. रिच मंचावर आलाच नाही, कारण असा लेखकच अस्तित्वात नव्हता; कथा ट्रम्बोची होती. फ्रीडमनला ही हकीकत फार प्रिय. बघा, म्हणतो तो, बाजार माणसाचं मत विचारत नाही, चांगली कथा असली की घेतो. सरकारच एकमेव निर्माता असता तर ट्रम्बोला लिहिताच आलं नसतं. हे नाकारता येत नाही. त्याला जेवायला बाजाराने घातलं, फक्त उपाशीही बाजारातल्याच लोकांनी ठेवलं होतं, आणि जेवायला बसताना नाव दाराबाहेर ठेवावं लागलं. एवढ्याने तक्रार करणारा माणूस कृतघ्न.

नावाची ती कल्पना मला फार उशिरा नीट कळली. त्या बावीस पानांच्या कराराच्या पहिल्याच ओळीत माझं आडनाव एका अक्षराने चुकीचं छापलं होतं. चौदावं पान जाऊ द्या, निदान एवढं तरी दुरुस्त करा, असं मी बाईंना म्हटलं होतं. त्यांनी पान उलटसुलट करून पाहिलं आणि खेदाने सांगितलं, की मजकूर मुख्य कार्यालयातून येतो, त्यात बदल करता येत नाही. छापलंय तशीच सही करा, चालतं. मी तशीच केली. चार वर्षं त्या आडनावाच्या गृहस्थाला झोपेत जे काही सुचलं, ते सगळं कंपनीला मिळालं. मला सुचलेलं मी वेगळं ठेवलं होतं, त्यातलं थोडं वर आलंच आहे.