गाडी खाली बसवली की रोड धरते, हे खरं नाही

सध्या गाड्यांच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय, स्पोर्ट्स कारची हँडलिंग कशी सुधारायची त्याची. त्यात म्हटलंय की गाडी जितकी खाली तितकी चांगली, स्प्रिंग जितकी कडक तितकी ग्रिप जास्त, अँटी-रोल बार (डावं-उजवं चाक जोडणारा, गाडीचं झुकणं कमी करणारा दांडा) पुढे-मागे मिळेल तेवढा जाड टाका, टायर आणि अलाइनमेंटचं (चाकांच्या कोनांचं) नंतर बघू, आणि पुरावा काय तर रेसच्या गाड्या बघा, सगळ्या खाली आणि कडक असतात. हे वाचून पोरं भरपूर पैसे घालतायत आणि चांगली चालणारी गाडी बिघडवून घेतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो. उदाहरणाला टोयोटा 86 धरू. तिला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे (चाक वरून शॉकअपनेच धरलेलं, खाली एकच आडवा दांडा, लोअर आर्म) आणि मागे डबल विशबोन (चाक वर-खाली दोन आर्मनी धरलेलं). आपल्याकडच्या पोलोलाही पुढे स्ट्रटच आहे, त्यामुळे पुढच्या बाजूचं बरंचसं तिलाही लागू.

पहिला मुद्दा, उंची. वळणात आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं, आणि किती जातं ते गाडीचं वजन, वळणाचा जोर, सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीची (वजनाच्या केंद्राची) उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर यावर ठरतं. 1,250 किलोची गाडी, उंची 46 सेंमी, अंतर 152 सेंमी आणि जोर 0.9 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 0.9 पट) धरला तर साधारण 340 किलो बाहेर जातात. गाडी 3 सेंमी खाली घ्या, 318 होतात. म्हणजे 22 किलोचा फायदा, तो आहेच, नाकारत नाही. पण त्याच्या बदल्यात काय जातं ते बघा. स्ट्रटच्या गाडीत लोअर आर्म साधारण आडवा असतो किंवा चाकाकडे थोडा उतरता, गाडी खाली आली की त्याचं चाकाकडचं टोक वर चढतं. आता वळणात स्प्रिंग दबली की बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा सांधा) आत ओढला जातो, निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचं वरचं टोक आत कललेलं असणं) कमी होतो आणि बाहेरचा टायर नेमका जोर लागतो तेव्हाच खांद्यावर (बाहेरच्या कडेवर) चालायला लागतो. त्यात रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो) गाडीपेक्षा जास्त खाली सरकतं, म्हणजे तीच स्प्रिंग ठेवली तर गाडी आधीपेक्षा जास्त झुकू शकते! टाय रॉडचा (स्टिअरिंग चाकाला जोडणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडून खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप इकडेतिकडे ओढतं ते वेगळंच. रोल सेंटरसाठी उंच बॉल जॉइंट मिळतात, पण पोस्टमध्ये त्यांचं नाव कुठेय?

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ट्रॅव्हल, म्हणजे चाकाला वर-खाली हलायला मिळणारी जागा. शॉकअपच्या रॉडवर एक झिप टाय घट्ट बांधा, नेहमीच्या घाटात एक फेरी मारा आणि खाली वाकून बघा तो कुठे सरकलाय. खूप लोअर केलेल्या गाडीत तो बंप स्टॉपला (शॉकअप पूर्ण दबू नये म्हणून बसवलेल्या रबराला) जाऊन चिकटलेला दिसेल, म्हणजे भर वळणात गाडी स्प्रिंगवर नाही तर रबरावर उभी होती, त्या क्षणी त्या टोकाचा कडकपणा एकदम वाढतो आणि तिथली पकड सुटते. पुढचं टोक असेल तर गाडी सरळ जाते, मागचं असेल तर शेपूट बाहेर येतं.

दुसरा, कडक स्प्रिंग. स्प्रिंग कितीही कडक करा, ते 340 किलो जवळजवळ तेवढेच राहतात, स्प्रिंग फक्त त्यातला वाटा पुढे किती आणि मागे किती ते ठरवते. हो, स्ट्रटच्या गाडीत झुकणं कमी झालं की कॅम्बर वाचतो, म्हणून थोडी कडक स्प्रिंग गुळगुळीत ट्रॅकवर फायद्याची ठरते. पण ताम्हिणीसारख्या घाटात, पावसाळ्यानंतर, टायर रस्त्याला टेकलेला राहणं हीच ग्रिप आहे आणि कडक स्प्रिंग तो उडवते, त्यात शॉकअप जुनेच ठेवले तर गाडी नुसती उड्या मारते कारण ते शॉकअप त्या स्प्रिंगला आवरायला बनवलेलेच नाहीत. दुसऱ्याच्या गाडीचा स्प्रिंग रेट (स्प्रिंग एक मिमी दाबायला किती किलो लागतात) कॉपी करायचा प्रकार तर सोडूनच द्या. मोशन रेशो (चाक एक मिमी हललं तर स्प्रिंग किती मिमी दबते) 0.7 असेल तर त्याचा वर्ग 0.49, म्हणजे 6 किलो प्रति मिमीची स्प्रिंग चाकापाशी 3 च्या आसपास उरते, आणि स्ट्रटमध्ये 0.95 धरला तर तीच स्प्रिंग 5.4 ची पडते. जवळपास दुप्पट फरक, स्प्रिंग तीच!

कंपन्यांचंच बघा ना. 1996 ची लोटस एलिस, मागे अँटी-रोल बारच नाही. 2017 ची अल्पाइन ए110, सुमारे 1,100 किलो, पुढे-मागे डबल विशबोन, आणि कॅम्बर सांभाळायचं काम जॉमेट्री (आर्मची मांडणी) करते म्हणून स्प्रिंग मुद्दाम मऊ ठेवल्यात. गाडी वळणात झुकते, तरीही हँडलिंगसाठी तिचं नाव घेतात.

बारचं थोडक्यात. कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो, 20 चा 22 मिमी केला तर 46 टक्के वाढ. पुढे-मागे दोन्ही जाड केले तर बॅलन्स जवळपास तिथेच राहतो आणि एका बाजूच्या खड्ड्याचा धक्का दुसऱ्या बाजूलाही जातो. रिअर व्हील ड्राइव्हमध्ये मागचा बार फार जाड झाला तर वळणातून निघताना आतलं चाक हलकं होऊन फिरत राहतं. एकच बार, एका वेळी, आणि काय दुखतंय ते बघून.

टायर नंतर? इथे मला खरंच राग येतो. 86 कंपनीतून मिशेलिन प्रायमसी एचपी घेऊन आली, 215/45 आर17, साधा रोजच्या वापराचा टायर. चांगला स्पोर्ट्स टायर टाकला आणि पुढे कॅम्बर बोल्ट लावून दीड डिग्री निगेटिव्ह घेतला तर जो फरक पडतो तो कॉइलओव्हरच्या (उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपच्या सेटच्या) किमतीच्या छोट्या भागात येतो. खांद्याची झीज बघा, ती सांगते कॅम्बर पुरतोय की नाही. पोलोवाल्यांनी हे लक्षात ठेवा की मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा तुकडा) आहे, तिथे कॅम्बर सहज सेट करता येत नाही.

रेसच्या गाड्या खाली आणि कडक असतात कारण त्यांना डाउनफोर्स (हवा गाडीला खाली दाबते तो जोर) सांभाळायचा असतो, उंची काही मिलिमीटर हलली तरी तो बदलतो, आणि ट्रॅक सपाट असतो. फॉर्म्युला वनमध्ये 2021 पर्यंत 13 इंची रिमवर जाडजूड टायर होते, सस्पेन्शनचं बरंच काम ते टायरच करायचे. आणि खडबडीत मातीवर पळणाऱ्या रॅलीच्या गाड्याही रेसच्याच आहेत ना, त्या उंच असतात आणि त्यांचं ट्रॅव्हल लांबलचक असतं. आपले रस्ते कुठल्या बाजूला जवळचे?

तरीही किट घ्यायचंच असेल तर विकणाऱ्याला दोन आकडे विचारा: माझ्या गाडीत चाकापाशी रेट किती पडेल, आणि लोअर केल्यावर बंप स्टॉपपर्यंत किती मिलिमीटर उरतील. हे दोन आकडे मिळेपर्यंत ॲडव्हान्स देऊ नका.