उद्यापासून येवचंय नाय

मालवणात माझ्या चुलतभावाचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. सकाळी घावणे घालायला कॉलेजात शिकणारी एक मुलगी तीन तास यायची. २२ डिसेंबरला ओले हात पुसत ती वहिनीला म्हणाली, "उद्यापासून मी येवचंय नाय हां," आणि गेली. नाताळात खोल्या फुल्ल, तव्यापाशी वहिनी एकटी. दादाने घरच्या ग्रुपवर जाहीर केलं की डिसेंबरचे पैसे देणार नाही, आणि मला विचारलं, "तुमच्याकडे कसा आसता, तूच सांग."

सांगतो. लेस्टरला शिकत होतो तेव्हा एका कॅफेत आठवड्याला १६ तास भांडी घासायचो. ब्रिटनमध्ये नोकरीला महिना झाला की सोडणाऱ्याने किमान १ आठवडा आधी सांगायचं. करारात जास्त लिहिलं असेल तर तेवढं. अर्धवेळ म्हणून सूट नाही. मी दोन ओळींची चिठ्ठी दिली. मॅनेजरबाईंनी फ्रिजवरच्या ड्यूटीच्या तक्त्यात पुढच्या शुक्रवारनंतर माझ्या नावावर पेन्सिलीने काट मारली आणि परत कांदे चिरायला लागल्या. रुसवा नाही, "तुला घरच्यासारखं वागवलं" नाही. शेवटच्या पगारात न घेतलेल्या सुट्ट्यांचे पैसेसुद्धा आले.

इथवर दादा खूश होईल. पण मालकालाही तीच अट आहे: महिना झाला की १ आठवडा, २ वर्षांनंतर दर वर्षामागे एकेक, असं १२ आठवड्यांपर्यंत. (पळवाटा इथेही आहेत. तासांची हमीच नसलेला करार असला की नोटीस कशाला, नुसती ड्यूटी लावायची बंद करतात.)

गेल्या मे महिन्यात मी घरी होतो. मेअखेरीला किल्ल्याच्या होड्या आणि स्कूबा बंद होतात ते ऑगस्ट संपेपर्यंत. शेवटचे पाहुणे रिक्षात बसले आणि दादाने त्याच मुलीला सांगितलं, "उद्यापासून येव नको, पाऊस इलो." तो काही दुष्ट नाही, किनाऱ्यावर सगळेच असं करतात. पण होड्या कधी बंद होणार, हे त्याला दरवर्षी आधीच ठाऊक असतं.

नोटिशीच्या बाबतीत मालवणात कायद्याचा फारसा उपयोग नाही. २०१७ चा महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा आला तोच १० पेक्षा कमी कामगारांच्या जागा बहुतांशी मोकळ्या सोडून. मला विचाराल तर तीन तासांच्या कामाला आठवडा पुरे. ऐन हंगामात हवे तर पंधरा दिवस मागावेत, पण मागणाऱ्याने पावसाळ्याआधी तेवढेच द्यावेत. आणि झालेल्या कामाचे पैसे अडवून तर काहीच साधत नाही. आधी सांगितलं तर पगार अडकतो, एवढंच पोरं त्यातून शिकतात, आणि पुढच्या वेळी पैसे हातात पडल्यावरच तोंड उघडतात.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. दादाने साधा अंगठाही दाखवला नाही. वहिनीचा मात्र वेगळा मेसेज आला: "तिचे पैसे मी त्याच सांजेक दिलंय. ह्यांका सांगू नको हां."