ग्रॅनाइट आधी की पोरं?

आज सकाळी मंडळाच्या ग्रुपवर ठराव वाचला आणि चहा तसाच गार झाला. देवळाच्या सभामंडपात ग्रॅनाइट बसवायचा, काम गणपतीच्या आत उरकायचं, सबब अंगणवाडीने "तात्पुरती दुसरी जागा बघावी". खाली सतरा अंगठे. अरे, सभामंडप हीच तात्पुरती जागा होती ना?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यात दुपारी धडकलं, ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा, आमचं गाव तिथेच. अंगणवाडीचे पत्रे उडाले ते थेट सुपारीच्या वाडीत, एक तर चादरीसारखा दुमडलेला सापडला. लॉकडाऊन होता म्हणून आत पोरं नव्हती, एवढंच नशीब. पुढे पावसाने भिंती भिजल्या, एक बसली. माझी काकी तिथे सेविका. तिने दप्तर आणि वजनकाटा आदल्या रात्रीच घरी नेलेला, तोच जुना लटकता काटा, झोळीत पोर बसवायचं तो. आता तो टांगायचा कुठे? पत्र्याखालचा वासा गेला, फणस आडवा. शेवटी देवळात घंटेच्या शेजारच्या तुळईला टांगला. झोळीत बसलेलं प्रत्येक पोर हात वर करून घंटा वाजवायचं. काकी म्हणायची, गावात आरतीपेक्षा वजनाची घंटा जास्त वाजते.

आणि देऊळ? त्याचे पत्रे दिवाळीच्या आत बसले. मुंबईहून वर्गणी गेली, मीही दिली, नाही म्हणत नाही. अंगणवाडीच्या वेळी मात्र सगळ्यांना एकदम आठवलं की ते सरकारचं काम आहे. आहेच सरकारचं, मान्य. पंचनामा झाला, फोटो झाले, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कागद गेला, तो अजून प्रवासातच आहे. पण मग आपण पाच वर्षांत एकदा तरी पाठपुराव्याला गेलो का? ग्रॅनाइटच्या कोटेशनसाठी तिघं सुट्टी टाकून गेले!

सगळ्यात डोक्यात गेली ती एकाची कमेंट, "खिचडी तर खायची असते, घरी डबा पोचवा." हे वाचून ज्याला राग येणार नाही त्याने मला अनफ्रेंड केलं तरी चालेल. वजन कोण करणार, कुठलं पोर खंगतंय ते कोणाला कळणार, गरोदर बायकांच्या नोंदी, लसीकरणाच्या दिवशी आयांना गोळा करणं, रंग-आकार-बडबडगीतं, हे सगळं डब्यात भरून पोचवणार का? वादळानंतर दोन महिन्यांच्या आत नवीन शैक्षणिक धोरण आलं, त्यात तिसऱ्या वर्षापासूनच शिक्षणाचा पाया धरलाय. इथे पायाला जोतंच नाही. आणि हे काम करणाऱ्या बाईला पगार नाही, 'मानधन'. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या सेविका संपावर बसल्या तेव्हा हाच माणूस म्हणाला होता, यांना काम काय असतं.

वाडीतली सुपारी पडली तर त्याच पावसाळ्यात रोपं लावली आपण, कारण फळ धरायला किती वर्षं जातात ते आपल्याला पाठ आहे. वादळाच्या वेळी तीन वर्षांचं असलेलं पोर आज तिसरीत गेलं. त्याने अंगणवाडीची इमारत बघितलीच नाही, त्याच्यासाठी अंगणवाडी म्हणजे घंटा.

बरं, एक मात्र खरं, ज्या देवळावर मी एवढा चिडलोय त्यानेच पोरांना पाच वर्षं आसरा दिला. पुजारीबुवांनी कधी कुरकुर केली नाही, सोवळ्याचं नावसुद्धा काढलं नाही. भांडण देवाशी नाहीच माझं.

हे टाईप करता करता काकीला फोन लावला. म्हटलं ती रडेल, भांडेल. ती पोरांना हात धुवायला लावत होती, मागे नुसता कलकलाट. म्हणाली, "अरे बाबू, चिडतोस काय? आता डिजिटल काटा दिलाय, त्याला जमीन सपाट लागते. इथल्या उखडलेल्या लादीवर हलतो मेला, आकडाच ठरत नाही. ग्रॅनाइटवर सरळ बसेल. काम झालं की आम्हाला परत आत घेतील ना, तेवढं फक्त विचारून ठेव."

विचारलंय ग्रुपवर. दोन तास झाले, निळ्या टिका आल्यात सगळ्यांच्या.