'शेजारी'ने फाळणी कुठे थांबवली? या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर, तुम्ही एवढी सविस्तर कमेंट केलीत म्हणून उत्तरही जरा लांबच देतोय. तुमचं म्हणणं असं की व्ही. शांताराम यांचा 'शेजारी' 1941 ला आला आणि सहाच वर्षांत फाळणी झाली, मग सिनेमा-सिरियलने सलोखा वाढतो म्हणणं हा भाबडेपणा. आणि शेवटी लिहिलंत की भडकवणारे व्हिडिओ मात्र एका रात्रीत गाव पेटवतात.

अहो पण ही दोन्ही वाक्यं एकत्र कशी नांदणार? पडद्यावर दिसतं त्याने माणूस पेटत असेल तर त्याच पडद्याने तो थोडा थबकूही शकतो ना?

'शेजारी' मला का महत्त्वाचा वाटतो ते सांगतो. पाटील आणि मिर्झा जिवाभावाचे शेजारी, त्यांच्यात भांडण लागतं ते धर्मावरून नाही, धरण बांधायला आलेल्या ओंकारला गावाचा विरोध मोडायचाय म्हणून तो ते लावून देतो, आणि शेवटी धरण फुटतं तेव्हा दोघं हातात हात घेऊन मरतात. मिर्झा केला गजानन जागीरदारांनी, आणि याच सिनेमाच्या हिंदी आवृत्तीत, 'पडोसी'त, पाटलाच्या जागी असलेला हिंदू ठाकूर केला मझहर खान यांनी. पाकिस्तानचा ठराव होऊन जेमतेम वर्ष झालेलं, त्या वातावरणात हे करणं साधं नव्हतं. भांडणाचा फायदा कुणाला होतो हे एवढं स्पष्ट दाखवणारे सिनेमे आजही कमीच.

पण एका सिनेमाने फाळणी थांबावी ही अपेक्षाच चुकीची आहे. लोक सिनेमा बघून घरी जातात आणि दुसऱ्या दिवसापासून कानावर परत तेच विष.

आफ्रिकेतल्या रवांडाचं बघा. 1994 च्या नरसंहारात आरटीएलएम रेडिओ माणसं मारायला चिथावत होता, 2003 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्यासाठी शिक्षाही सुनावल्या. त्याच देशात 2004 ला 'मुसेकेवेया' ही रेडिओ मालिका सुरू झाली, दोन गावांचं वैर आणि त्यातच एका गावचा मुलगा नि दुसऱ्या गावची मुलगी प्रेमात. एलिझाबेथ पॅलक या संशोधक बाईंनी वर्षभर काही गावांना ही मालिका ऐकवली, काहींना आरोग्यावरची दुसरी. लोकांची मनातली मतं फारशी बदलली नाहीत, इथे तुमचा मुद्दा बरोबरच आहे. बदललं ते वागणं. शेवटी प्रत्येक गटाला टेपरेकॉर्डर आणि कॅसेटी भेट दिल्या, त्या कुणी सांभाळायच्या ते त्यांनीच ठरवायचं होतं. आरोग्याची मालिका ऐकलेल्यांमध्ये सहसा कुणीतरी म्हणायचं गावच्या अधिकाऱ्याकडे द्या, की विषय संपला. 'मुसेकेवेया' ऐकलेल्या गटांत मात्र कुणीतरी उठून म्हणायचं, त्यांच्याकडेच का, आपण सगळे मिळून सांभाळू, आणि मग चर्चा व्हायची. जिथे वरून आलेला हुकूम निमूट पाळून माणसं मारली गेली त्या देशात कुणीतरी चारचौघांत 'का?' विचारतंय, मला तरी ही फार मोठी गोष्ट वाटते.

आणि हे लोक एकत्र बसून ऐकत होते, नंतर आपसात बोलत होते, तेही वर्षभर. आपल्याकडे नेमकं हेच होत नाही. उपदेशाचे डोस पाजणारे सिनेमे कंटाळवाणे असतात हे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण गणपतीत मंडळं पडदा लावतातच, तिथे 'शेजारी' लावा की, फक्त सिनेमा संपल्या संपल्या खुर्च्या उचलू नका, अर्धा तास लोकांना बोलू द्या, भांडले तरी चालेल.